भुऱ्याले मी पिटबुल करून टाकलं

मंडळी, आज यवतमाळात जनावरांच्या दवाखान्यात पोरीसमोर माही मान खाली गेली.

आमची पल्लवी नोकरीसाठी जर्मनीले चालली. भुऱ्याले सोबत नेणार म्हणते. तिकडचा नियम असा, की कुत्र्याच्या कातडीखाली आधी तांदळाएवढी ओळखीची चिप बसवायची, मंग रेबीजची लस. त्यासाठीच गेलतो.

बाकड्यावर एक बाई लॅब्राडोर घेऊन बसलेली, बाजूले एक साहेब पग घेऊन. दोघंही भुऱ्याकडे पाहून राह्यले होते. तेवढ्यात डॉक्टरनं विचारलं, "कोणत्या जातीचा?"

माह्या तोंडून निघून गेलं, "पिटबुल क्रॉस!"

डॉक्टरचा हात थांबला. "मंग नेताच येणार नाही. पिटबुल अन् त्याच्या क्रॉसले जर्मनीत बंदी हाय."

पल्लवी माह्याकडे पाहतच राह्यली. आमच्या घाटंजीच्या बाजारात कांद्याच्या पोत्यामागून तिनंच त्याले उचलून आणलतं.

शेवटी सगळ्यांसमोर सांगा लागलं, "नाही हो डॉक्टर, गावठीच हाय."

"ते तर दिसूनच राह्यलं," डॉक्टर हासले. "गावठीले तिकडे काहीच अडचण नाही."

लॅब्राडोरवाली बाई खिडकीबाहेर पाहाले लागली. भुऱ्या बिचारा माह्याच चपलेवर डोकं ठेवून बसलता.

घर आल्यावर पोरगी म्हणे, "बाबा, तिकडे मले विचारतीन, कुठची हायेस? घाटंजी सांगू, का नागपूर?"

पुण्यात गेलो की मी तर नागपूरच सांगतो.

तुम्ही काय सांगता? खरं सांगजा.