पाठ फिरवून ऐकलेला आवाज

मुलीच्या बाळंतपणासाठी मी गोंदियाला गेले होते. सकाळच्या पॅसेंजरने गावचा माणूस आला, ओसरीत उभ्यानेच पाणी प्यायला आणि भांडं खाली ठेवत म्हणाला, "यमुनाबाई गेली." तीन दिवसांचा ताप, एवढंच. सालेकशाला उतरून मी गावात पोचले तेव्हा नदीवरून माणसं परतलेली होती. त्याला आता दीड महिना होईल.

यमुना माझी नणंद, यजमानांची धाकटी बहीण. कामठ्याला दिली होती. बाविसाव्या वर्षी नवरा गेला आणि ती एका गाठोड्यानिशी भावाच्या घरी परत आली. पुढची सारी वर्षं आम्ही एका छपराखाली काढली. तिच्याविषयी लिही, असं लोक म्हणतात. लिहिते, पण एकच गोष्ट. ती लिहिली नाही तर बाकीचं सगळं खोटं ठरेल.

ती आली त्या वर्षी चैत्रात आम्ही मोहफुलं वेचायला गेलो होतो. झाडाखाली तिला पोपटाचं पिलू सापडलं, पंख धड न फुटलेलं. पदरात घालून घरी आणलं. भिजवलेली डाळ चिमटीत कुस्करून ती त्याला भरवायची. पुढे बांबूच्या कामट्यांचा पिंजरा झाला आणि तो स्वयंपाकघराच्या भिंतीला लागून, पलीकडच्या पडवीत टांगला गेला. तिचं अंथरूणही तिथेच असे. पाखरू वाढलं, गळ्याला लाल कंठी आली, पण माणूस दिसलं की ते पार मिटून जाई. पिसं अंगाशी आवळून, पाठ कामट्यांना लावून बसे. एकटं असलं की मात्र काहीबाही बोले. मी आतून चाहूल घ्यायची, पण शब्द कळायच्या आत यमुना पिंजऱ्यावर फडकं टाकत असे. मला वाटे, हिला आपल्या पाखराचं कौतुकही कोणाला करू द्यायचं नाही.

गावच्या मालगुजाराच्या वाड्यातही एक पोपट होता. आल्यागेल्याला राम राम करायचा. आमचं पिलू आल्यावर तिसऱ्या वर्षी वाड्यातला तो पोपट उडून गेला. यमुना त्यांच्याकडे पापड लाटायला जात असे... तेवढं पुरलं. वाड्यावरचा एक गडी आमच्या पडवीत डोकावून गेला आणि दुसऱ्या दिवशी निरोप आला की पोपट वाड्यातला आहे, बाईने पळवला. यजमान धावत गेले. आम्ही कसत होतो त्या धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, त्याच मालगुजार मालकाच्या होत्या. चोराच्या भावाकडे तो त्या ठेवणार नव्हता, हे कोणी सांगायची गरज नव्हती. बऱ्याच विनवण्या झाल्यावर मालक म्हणाला, "पाच दिवस देतो. पाखरू अंगणात आणा, चारचौघांत बोलू द्या. आमचं असंल त राम राम करंल. तुमचं असंल त तुमच्या घरचं बोलंल. मुकं राहिलं त आमचं."

ते पाच दिवस मी विसरणार नाही. पाखराला माणसांची सवय लावायची म्हणून पहिल्या दिवशी मी पडवीच्या पार टोकाला, त्याच्याकडे पाठ करून तांदूळ निवडत बसले. दुसऱ्या दिवशी दोन हात अलीकडे सरकले. मान वळवायची नाही, भांडं आपटायचं नाही, त्याच्या डोळ्याला डोळा भिडवायचा नाही. तिसऱ्या दिवशी यजमानही येऊन बसले. पाखराने पिसं सैल सोडली, घशातल्या घशात करकर केली. आता बोलेल, आता बोलेल... आणि यमुनाने उठून फडकं टाकलं.

माझा तोल गेला. "काऊन झाकलं वं? बोलून राहिला होता ना तो!"

"घाबरते तो, वयनी."

"बांध्या जातील आपल्या! तुले चोर म्हणतील गावात!"

"म्हणू दे." ती फडक्याचं टोक सारखं करत होती. "नेऊ दे त्याहिले. पाखरूच त हाय."

ज्या पिलासाठी ही रात्रंदिवस जागली, ते ती असं सोडून द्यायला निघालेली पाहून मला तिचाच संशय आला. खरंच चोरलेलं तर नसेल? हेही लिहून ठेवते, माझ्या मनात तेही आलं होतं.

पाचव्या दिवशी वाड्याच्या अंगणात वीस-पंचवीस माणसं होती. पिंजरा ओट्यावर ठेवला. मालक बाजेवर, मालकीणबाई दाराच्या आडोशाला, आम्ही बाया विहिरीपाशी. वाड्यातल्या गड्याने चुचकारलं, "मिठू, राम राम बोल." पाखरू कोपऱ्यात दगडासारखं. मालक म्हणाला, "बाई, तुमी बोलवा." यमुना मान खाली घालून उभी राहिली. ऊन चढत होतं. मालकाने गड्याकडे पाहिलं, तसे यजमान हात जोडून पुढे झाले. "मालक, पाखरू लाजरं हाय. एक डाव सर्व्यायनं पाठ फिरवून बसा जी." कोणीतरी हसलं. पण मालक वळला, आणि त्याच्यामागे सगळं अंगण वळलं. मीही वळले. विहिरीच्या कठड्यावरची शेवाळाची रेघ तेवढी मला दिसत होती.

बराच वेळ काही नाही. मग पाठीमागून बाईचा आवाज आला, स्पष्ट, वैतागलेला:

"अजून किती गिळते वं?"

आणि शेवटी जिभेचा चट् असा आवाज.

अंगणात हशा पिकला. मी मात्र विहिरीचा कठडा धरला. तो आवाज माझा होता. यमुनाच्या तोंडावर मी ते कधी म्हटलं नव्हतं. तिला भात वाढून आत आलं की चुलीपाशी, स्वतःशीच पुटपुटत असे, रोज, तीन वर्षं. मला वाटायचं भिंत आहे मध्ये...

"आमच्या घरी असं कोनी बोलत नाई," मालक म्हणाला. गडी लगेच म्हणाला, "पापडवाल्या बायायनं शिकवलं असंल मालक, दहा बाया येतात." मालक यमुनाकडे वळला. "आवाज कोनाचा हाय, बाई?"

सगळ्यांचे डोळे तिच्यावर. तिने मला ओलांडून दूर पाहिलं आणि म्हणाली, "मले माईत नाई."

गड्याने पिंजऱ्याला हात घातला. तेव्हा मी पुढे झाले. पुरुषांच्या त्या घोळक्यात मी कधी तोंड उघडलं नव्हतं. पदर ओढून घेतला आणि म्हणाले, "मालक, माहा हाय तो आवाज. घरी मीच बोलतो तसं. इच्याबद्दल."

"मंग बोलून दाखव."

यजमान माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अजून किती गिळते वं?" जीभही तशीच वाजली, न ठरवता. आणि पिंजऱ्यातून, भरल्या अंगणात, सगळ्यांच्या देखत, त्या भित्र्या पाखराने माझं वाक्य जसंच्या तसं मला परत दिलं.

या वेळी कोणी हसलं नाही. दाराआडून मालकीणबाईचा आवाज आला, "तिचं पाखरू तिले द्या."

वाटेने यजमान पुढे निघून गेले. पिंजरा यमुनाच्या हातात होता. नाल्यापाशी ती थांबली. "तुमी कायले बोलल्या, वयनी? नेलं असतं त नेलं असतं. आता गाव तुमाले बोलंल." गाव बोललं, पुष्कळ वर्षं. ती मात्र त्या दिवसाबद्दल पुन्हा एकदाही बोलली नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. दोन दिवस पाखरू दारातच बसलं आणि मग गेलं. यजमान महिनाभर माझ्याशी बोलले नव्हते. शेवटी त्यांची समजूत घातली तीही तिनेच.

एक सवय मात्र तिला तेव्हापासून लागली. स्वयंपाकघरात येण्याआधी ती उंबऱ्याबाहेर थांबायची आणि खाकरायची. मग क्षणभर वाट पाहून आत यायची. आत मी एकटी असले तरी. मी ते वाक्य पुन्हा कधी उच्चारलं नाही. तिलाही ते ठाऊक असावं, तरी शेवटपर्यंत ती खाकरूनच आली. नको करूस तसं, एवढं म्हणायचं धाडस मला झालं नाही.

परवा सुनेने भात करपवला. मी चुलीपाशी तिच्या माहेराबद्दल काहीतरी बोलायला तोंड उघडलं आणि मध्येच थांबून दाराकडे पाहिलं. उंबऱ्यावर कोणी नव्हतं. सून वाट पाहत होती, मी पुढे काय म्हणते याची. मी तिच्या हातातला कलथा घेतला आणि वरचा चांगला भात तिच्यासाठी काढून ठेवला.