घेतला म्हणेपर्यंत

माझी लेक सहा वर्षांची झाली तरी कोणाच्या तोंडाकडे बघायची नाय. बोलायची भरपूर, पण समोरचा ऐकतोय की उठून गेलाय, याचं तिला सोयरसुतक नसायचं. मुंबईच्या डॉक्टरांनी "अ‍ॅस्पर्जर असू शकेल, स्वमग्नतेचाच एक प्रकार" असं मोघम सांगितलं आणि म्हणाले, मुलांत मिसळू द्या. मिसळू द्या म्हणे! रोह्याला माझ्या माहेरी भावाची मुलगी हिच्याच वयाची. ती तोंडावर म्हणायची, "आत्या, हिच्याशी खेळणं म्हणजे भिंतीशी खेळणं." राग यायचा, पण खोटं काय होतं त्यात? माझ्यामागं हिला कोण, हा एकच घोर होता मला.

पेणजवळ हमरापूरला सासऱ्यांचा गणपतींचा कारखाना. श्रावणात टेम्पो भरताना आम्ही घरची सगळी ओळीनं उभी राहून मूर्ती हातोहात पुढं द्यायचो. पुढच्याकडं बघायचं आणि तो "घेतला" म्हणेपर्यंत सोडायचं नाय. सोडलात तर चुरा. मी लेकीला ओळीत घ्यायचा हट्ट धरला. सासरे म्हणाले, "सुटे उंदीर दे तिच्या हातात. फुटला तर दुसरा करू."

पहिला उंदीर तिनं न बघताच सोडला. फुटला. सासरे ओरडले नाय, हात पुढं करून थांबले. पुढच्या खेपेला ती त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली. "घेतला गो," ते म्हणाले, तेव्हाच तिनं सोडला.

तो नियम तिला असा पटला, की घरी पाण्याचा तांब्याही "घेतला" ऐकल्याबिगर सोडेना. नवरा वैतागला. मी म्हटलं, वैतागा, पण म्हणा. बोलण्यालाही मी तोच नियम लावला: आपण सांगायचं, समोरच्यानं घेतलं की मग त्याची पाळी. कधी जमायचं, कधी नाय.

दिवाळीनंतर रोह्याहून पेणला निघालो. लेकीनं रेल्वेच्या खिडकीतून स्वतः रंगवलेला उंदीर फलाटावरच्या भाचीपुढं धरला. भाचीनं पकडला, पण ही सोडेना. शिटी झाली. भाची ओढतेय, मी "सोड, सोड" म्हणतेय, आणि ही तिच्या तोंडाकडं बघतेय. शेवटी भाचीनंही वर बघितलं.

"घेतला," ती म्हणाली. "घेतला गो."

हिनं सोडला आणि गाडी हलली. मला रडू आलं.

नागोठणं गेलं तरी ही खिडकीलाच चिकटलेली. "आई, आता तिची पाळी ना?"

"व्हय."

"मग ती कधी देणार?"

तोवर माझ्या लेकीनं कधी कोणाची वाट बघितली नव्हती.