ड्रायव्हरमामांची बंदरातली फेरी

आमच्या चिखलीच्या कॉम्प्युटर क्लासात जहाजाच्या गेममध्ये हॉर्न वाजवणारा एकच माणूस होता: ड्रायव्हरमामा. तोही तोंडानं. “पों पों! अबे सरक ना बाजूले! वाजवून राह्यलो तरी हलून नाही राह्यला!” टायपिंगच्या बॅचच्या पोरी हसून हसून चुका करायच्या.

मामा उंद्रीचे. चिखली–खामगाव रस्त्यावर एसटी चालवून निवृत्त झालेले. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नव्हता. दुपारी यायचे, चपला दाराबाहेर काढायचे, सहा नंबरच्या मशीनला नमस्कार करून बसायचे. काम ठरलेलं: मालवाहू जहाज बंदरात आणून धक्क्याला लावायचं. त्या बंदरात कॉम्प्युटरची स्वतःची जहाजं फिरत असत. पहिल्याच दिवशी त्यातली एक फेरीबोट सरळ येऊन मामांना धडकली.

क्लासची नोंदवही माझ्याकडे असे. कोण कुठल्या मशीनवर, किती वाजता, सगळं त्यात. मामांनी तिच्याकडे बोट दाखवलं. “लिवा मॅडम. अपघात एक.”

“अहो मामा, गेम आहे हा. पुन्हा सुरू करा.”

“गाडी माह्या हाती होती ना? मंग लिवा.”

त्यांना हे इतकं का लागलं, ते पुढे कळलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षी अमडापूरच्या थांब्यावर त्यांच्या उभ्या गाडीला मागून ट्रक धडकला होता. कोणाला इजा झाली नाही. चूक ट्रकची, हे सगळ्यांनी मान्य केलं, मामांनी नाही. “आरशात दिसून राह्यला होता तो. मी हललो नाही. सारी नोकरी बिनाअपघात, अन् उतरता उतरता हे!” त्यांना एक फेरी हवी होती. एकच, पण कुठंही न लागता पुरी झालेली.

बारावा अपघात लिहून झाला आणि मामांनी जहाज चालवणंच थांबवलं. चार दिवस बंदराच्या तोंडाशी नांगर टाकून नुसते बघत बसले. ते सांगत गेले, मी लिहीत गेले. फेरीबोट आखलेल्या रेषेवरून जाते, कोणासाठी वळत नाही. मासेमारीची होडी समोर काही आलं की थांबते आणि ते हटेपर्यंत जागची हलत नाही. मोठं जहाज मागून आलं तर वेग कमी करत नाही.

“यायले आपण दिसतच नाही, मॅडम,” मामा म्हणाले. “मी उगाच शिव्या देऊन राह्यलो होतो. ज्याले दिसत नाही, त्याच्या वाट्याचं आपण पाहावं.”

पाचव्या दिवशी नांगर उचलला. तोंडानं हॉर्न नाही, काही नाही. फेरीबोट पुढून जाऊ दिली. धक्का समोर दिसू लागला, आणि तेवढ्यात एक होडी आडवी येऊन थांबली. मामा थांबले. मागून मोठं जहाज निघालं होतं.

“मामा, मागं!” मी ओरडले. टायपिंग बंद पडलं. पोरी खुर्च्या सोडून भोवती गोळा झाल्या.

“दिसून राह्यलं.” मामांनी इंजिन चालू करून सुकाणू पूर्ण उजवीकडे वळवलं. जहाज इतकं सावकाश वळत होतं, की एका पोरीनं डोळेच मिटून घेतले. “हल, माय माही, हल!” नाक वळलं, मग शेपूट. वाट मोकळी झाली. होडी सुरू होऊन निघून गेली, आणि मोठं जहाज मामांच्या कडेनं बोटभर अंतरानं सरळ पुढे गेलं.

धक्क्याला जहाज टेकलं तेव्हा आम्ही सगळ्या टाळ्या पिटत होतो.

“कुठं लागलं का?” मामांनी विचारलं.

“नाही मामा.”

“नीट पाहा मॅडम.”

“कुठ्ठंच नाही!”

दुसऱ्या दिवशी मामा आले नाहीत. त्यानंतरही नाहीत. आठवडी बाजारात दिसले तेव्हा मी म्हटलं, “काऊन हो मामा, सहा नंबर रिकामा पडलाय!”

“आता झालो मी रिटायर,” मामा म्हणाले, आणि मेथीची जुडी उलटून बघू लागले.