बिलाकडे झेपावणारा हात

ऑफिसजवळच्या हॉटेलात आम्ही शुक्रवारी एकत्र जेवतो. बिल आलं की ऑफिसात माझ्या शेजारच्या टेबलवर बसणारी ऋतुजा त्यावर झडप घालते. "थांबा! माझ्या कार्डावर!" हॉटेलच्या बिलावर तिच्या क्रेडिट कार्डाला कॅशबॅक मिळतो. आम्ही आपापला वाटा तिला फोनवरून पाठवतो आणि वरचा फायदा तिचा.

मी तो हात बघत राहते. लहानपणी बाबा आणि मामा असेच बिलासाठी भांडायचे. "अहो, लाजवता काय आम्हाला?" म्हणत बाबा जिंकायचे. हरलेला मामा मग पुढच्या रविवारी हट्टाने जेवायला बोलवायचा. बाबांना काय परत मिळायचं, हे मला तेव्हा कळलं नव्हतं.

काल ऋतुजा रजेवर होती. बिल मध्येच पडून राहिलं. मी त्या घोळक्यात फारशी बोलत नाही, तरी माझा हात पुढे गेला.

"मी देते."

"अगं, तू? तुझ्या कार्डाला किती कॅशबॅक मिळतो?" समीरने विचारलं.

"काहीच नाही. साधं डेबिट कार्ड आहे."

"मग तोटाच की तुझा!"

सगळे हसले, मीही हसले.

दुपारभर फोन वाजत होता. पैशांबरोबर निरोपही येत होते. 'भात मीच जास्त खाल्ला, सॉरी.' 'पुढच्या वेळी इकडे बस.' वर्षभर हे सगळे नंबर माझ्याकडे होते, पण त्यांवरून निरोप पहिल्यांदाच आले.

आता सोमवारी ऋतुजाला विचारणार आहे, तिला त्या कार्डावर नक्की काय काय परत मिळतं.