पतला म्हणजे नक्की काय पातळ?

सर्व संबंधितांस अत्यंत गंभीरपणे कळविण्यात येते की, भोपाळात कारखान्याच्या वसाहतीत राहणाऱ्या माझ्या वडिलांनी, छाती कफाने भरलेली असताना, कफाचं औषध घेणं बंद केलं होतं.

कारण एक शब्द. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी बाटली हातात देताना घाईत सांगितलं होतं, “पतला करने की दवा है.” आता बाबा हृदयाच्या दुखण्यासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून घेत. त्यांनी इंजिनिअरी डोकं चालवलं. गोळीने पातळ, वर सिरपने आणखी पातळ. दाढी करताना जरा कापलं तर रक्त थांबायचं कसं? बाटली फ्रिजवर जाऊन बसली.

मग घर दमलं. बाबा उशांना टेकून बसल्या बसल्या डुलक्या घेत, श्वास शिट्टीसारखा वाजे, वाक्य अर्ध्यात सुटे. त्यांची पाठ चोळून आई इतकी थकली की एका सकाळी तिने चहात मीठ घातलं आणि तो आम्ही तिघांनीही मुकाट्याने प्यायला. तक्रार करायचं त्राण कोणात होतं?

शेवटी दोघांना रिक्षात घालून मी दवाखान्यात नेलं. बाबांनी ऑफिसातल्या हिंदीत, पाण्याच्या पाइपचे दाखले देत आपला सिद्धांत मांडला. डॉक्टरांनी कपाळावर हात मारला नाही, हा त्यांचा मोठेपणा. ते म्हणाले, पातळ होतो तो कफ. श्वासनळ्या सुजल्या की त्यांच्या अस्तरात रक्ताची गर्दी होते, त्यातून पाणी पाझरतं, कफ वाढतो, वाट चिंचोळी होते. हे औषध कफाला ताळ्यावर आणतं. सुजेला थोडा उतार पडला तर तिथली रक्ताची गर्दीही ओसरते. अंगातलं रक्त मात्र त्याने पातळ होत नाही, आणि तुमच्या गोळीबरोबर ते खुशाल घ्या.

बाबांना ते पटेना. गर्दी ओसरली म्हणजे प्रवाह बदलला, प्रवाह बदलला म्हणजे दाब... पुढचं खोकल्याने खाल्लं. डॉक्टरांनी पुन्हा श्वासनळ्यांपासून सुरुवात केली.

इतका वेळ बाकावर पेंगणारी आई उठली. पिशवीतून बाटली काढली, झाकणात सिरप ओतलं आणि बाबांच्या ओठांना लावलं. त्यांनी ते गिळलं. मग ती डॉक्टरांकडे वळून चक्क मराठीत म्हणाली,

“कफ करा, रक्त करा, काय हवं ते पातळ करा, पण आज मला झोपू द्या.”