करकरणाऱ्या खुर्च्या

माझी धाकटी लेक चष्म्याच्या दुकानात काम करते. गिऱ्हाइकाच्या नाकावर फ्रेम नीट बसवायची, कानामागची दांडी किंचित वाकवायची, आता टोचतंय का विचारायचं. बारा वर्षं ती हे करते आहे आणि तितकीच वर्षं नाटकं लिहिते आहे. तिचं एकही नाटक आजवर कुणी बसवलेलं नव्हतं.

गेली चार वर्षं ती एकाच नाटकाशी झटत होती. लिफ्ट बंद पडते, आत एक म्हातारी अडकते आणि बंद दाराबाहेर उभा राहून मेकॅनिक तिला धीर देतो. मेकॅनिक म्हणजे तिचे बाबाच. त्यांनी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता ते नाहीत. दर रविवारी ती जेवणाच्या टेबलाशी बसून सगळी पात्रं एकटीच वाचून दाखवायची. शेवटी मेकॅनिकचं पाच पानी भाषण होतं. ते आलं की माझे डोळे भरायचे. मला रडू आलं म्हणजे जमलं, असं आम्ही दोघींनी ठरवूनच टाकलं होतं.

यंदा तिची निवासी लेखनशिबिरात निवड झाली. पाच नाटककार, सहा आठवडे, प्रत्येकाला स्वतंत्र खोली. दर शनिवारी नट येऊन लिहिलेलं वाचणार. शेवटच्या शनिवारी एक नाट्यसंस्था येऊन पाचांतलं एक नाटक बसवायला घेणार. मालकांनी सुट्टी दिली. माझ्या भावाने मात्र टोमणा मारलाच, की नाटक करायला सहा आठवडे कशाला, तिची मामी दोन मिनिटांत करते. मी हसले, पण जीव टांगणीला लागला होता. तोंड पाडून परतली तर पुन्हा पेन हातात धरेल का?

शिबिराच्या बाईंची अट अजब होती. वाचन चालू असताना लेखकाने बोलायचं नाही आणि नटांकडे बघायचंही नाही. मागे बसून ऐकणाऱ्यांच्या खुर्च्यांकडे कान लावायचे. खुर्च्या जुन्या, लाकडी. माणूस कंटाळून हलला की करकरायच्या. करकरली की त्या ओळीसमोर रेघ मारायची.

पहिल्या अंकात चार रेघा पडल्या. भाषणाच्या पाच पानांवर समास पुरला नाही. धाकटीने नटाला बोल लावला. पुढच्या शनिवारी दुसऱ्या नटाने जीव ओतून वाचलं, तर दोन रेघा वाढल्याच. मग तिचा फोन आला.

"आई, बाबांचं भाषण काढतेय."

"अगं, तेच तर नाटक आहे."

"बाबा एवढं बोलले असते का कधी?"

त्यांच्या तोंडून शब्द काढायचा तर पाना घेऊन बसावं लागायचं. त्या भाषणाची मी संसारभर वाट पाहिली होती आणि लेकीने ते मला लिहून दिलं होतं. लिफ्टमधल्या म्हातारीसाठी त्यात काहीच नव्हतं. मी म्हटलं, काढ.

घरी तिला आठवड्याला जेमतेम तीन-चार तास मिळायचे. तिथे सकाळी लिहिलेलं दुपारी बाकीचे चौघे वाचायचे आणि संध्याकाळपर्यंत तिचं तिलाच ते फाडावंसं वाटायचं. शेवटचा प्रवेश तिने सात वेळा लिहिला. फोनवरचा आवाजच बदलला. जेवलीस का विचारलं तर म्हणायची, जेवले, आता ठेवते.

शेवटच्या वाचनाला मी गेले. शेवटच्या प्रवेशात मेकॅनिक दोनच वाक्यं बोलतो. मग कामाला लागतो आणि मधूनमधून पान्याने दारावर दोनदा टकटक करतो. आतून म्हातारी तशीच टकटक करते. नटाने टेबलावर चमचा वाजवला आणि मी ताठ झाले. हे घरी आले की हाक मारायचे नाहीत, किल्लीने दारावर दोनदा वाजवायचे. तीच त्यांची हाक.

चहा येण्याआधीच संस्थेच्या दिग्दर्शकांनी धाकटीकडे संहिता मागितली. बसवायला त्यांनी हेच नाटक घेतलं. मी तिच्या हातातली पानं ओढून घेतली. शेवटच्या पानावर रेघ नव्हती.

"माझी पण नाही करकरली?" मी विचारलं.

"कशी करकरेल? तू पाठ टेकलीच नव्हतीस."