परड्यातली हरळी

वहिनी वाफ्यात बसून हरळी उपटत होती. दोरीसारखी मुळी हातभर ओढली जायची आणि मध्येच तुटायची.

भाऊ गेल्यापासून घरामागचं हे परडं तीन वर्षं पडून होतं. त्यात भाजी पिकली तर वहिनी गावात राहणार, नाहीतर दिवाळीनंतर मुलाकडे पुण्याला जाणार, असं मायलेकांत ठरलं होतं. खुरप्याने दिवस पुरणार नाहीत म्हणून तिने पॉवर टिलर फिरवून घेतला. तासाभरात माती भुसभुशीत झाली. तिने मेथी आणि गवार पेरली. उगवली ती हरळी, पूर्वीपेक्षा दाट.

शेजारच्या सखूबाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "अगं, मशीनने हरळी मरते होय? तू ती काढली नाहीस, पेरलीस!"

खरं होतं. तुकडे केले की हरळीच्या पेरापेराला मूळ फुटतं. हीच दूर्वा म्हणून आपण देवाला वाहतो, आणि दूर्वांसारखा वंश वाढो असा आशीर्वाद देतो. उपटलेलं माणूस मात्र दुसरीकडे रुजेलच असं नाही, आणि वहिनी सत्तरीची आहे.

मुलाचा फोन आला. तिने मातीचा हात पदराला पुसला.

"आई, उगवलं का काही?"

"सगळं हिरवंगार झालंय," ती म्हणाली.